नऊ महिन्यांची तयारी : इंग्लंडमधील १९२६ चा सार्वत्रिक संप

सर हर्बर्ट सॅम्युएल हे नाव इस्राएलात कोणास अपरिचित नाही. १९२० ते १९२५ अशी पाच वर्षे ते पॅलेस्टाईनचे पहिले हाय कमिशनर होते. अधिकारपद सोडल्यावर याच भूमीत घर करून राहावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्यांच्या जागी आलेल्या लॉर्ड प्लूमर यांस ही कल्पना रुचली नाही, आणि सॅम्युएल युरोपास गेले. थोड्याच आठवड्यांत इंग्लंडचे पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांनी त्यांस अगदी निराळे काम सांगितले : ब्रिटिश कोळशाच्या धंद्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचे अध्यक्षपद. यहुदी वाचकांस सॅम्युएल ठाऊक असतात ते येरुशलेममधल्या कारकीर्दीमुळे. त्यांच्या आयुष्यातील हे दुसरे प्रकरण सहसा कोणी सांगत नाही. एका चांगल्या हेतूच्या मनुष्याने शांतपणे अहवाल लिहावा, आणि त्याच वेळी त्यास नेमणाऱ्या सरकारने लढाईची सिद्धता करावी, असा तो प्रकार होता.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडचा कोळसा परदेशी खपेनासा झाला होता. रूहर प्रांतातील जर्मन खाणी १९२४ मध्ये पुन्हा पूर्ण चालू झाल्या आणि भाव पडले. तशात एप्रिल १९२५ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंड पुन्हा सोन्याशी जोडला, तोही युद्धापूर्वीच्या दराने, म्हणजे एका पौंडास ४.८६ डॉलर. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने तेव्हाच लिहिले की पौंडाची किंमत सुमारे दहा टक्क्यांनी अधिक धरली गेली आहे, आणि तेवढी मजुरी कोणाच्या तरी पदरातून काढावी लागेल. ती प्रथम खाणकामगाराच्या पदरातून काढण्याचे मालकांनी ठरविले. मजुरी कमी करण्याची नोटीस निघाली. तिची मुदत ३१ जुलै १९२५ रोजी संपत होती.

खाणकामगार एकटे पडले नाहीत. रेल्वे व वाहतूक कामगारांनी कोळसा हलविणार नाही असे जाहीर केले. त्याच दिवशी, शुक्रवारी, सरकारने माघार घेतली. पुढील नऊ महिने, म्हणजे ३० एप्रिल १९२६ पर्यंत, तिजोरीतून अनुदान देऊन मजुरी होती तशी राखावयाची, आणि दरम्यान कमिशनने चौकशी करावयाची, असे ठरले. मजूरपक्षीय वृत्तपत्रांनी त्या दिवसास लाल शुक्रवार म्हणून गौरविले. या अनुदानापायी सुमारे दोन कोटी तीस लक्ष पौंड खर्ची पडले. एवढी रक्कम का मोजली, असे पुढे बाल्डविन यांच्या चरित्रकाराने त्यांस विचारले. त्या वेळी आमची तयारी नव्हती, एवढेच त्यांचे उत्तर होते.

तयारीचा सांगाडा मात्र आधीपासून होता. १९१९ मधील रेल्वे संपाच्या वेळी मंत्रिमंडळाने पुरवठा व वाहतूक यांसाठी एक समिती नेमली होती. १९२० च्या ऑक्टोबरात आणीबाणीच्या अधिकारांचा कायदा झाला. हा कायदा वाचण्यासारखा आहे. अन्न, पाणी, इंधन, वीज किंवा दळणवळण यांत मोठा अडथळा येण्याचा धोका असेल तर राजाने आणीबाणी पुकारावी; ती घोषणा एक महिना चालेल; तिच्याखाली केलेले नियम पार्लमेंटपुढे ठेवून सात दिवसांत मंजूर करून घ्यावे. सक्तीची लष्करभरती किंवा सक्तीची मजुरी त्यातून लादता येणार नाही, आणि केवळ संप करणे हा गुन्हा ठरविता येणार नाही. कायदा करणाऱ्यांनी स्वतःच्या हातांसही थोडा लगाम घातला होता, हे मान्य केले पाहिजे.

१९२४ मध्ये इंग्लंडात पहिले मजूर सरकार आले. ही यंत्रणा मोडण्यास ते समर्थ होते. तिचे प्रमुखपद, चीफ सिव्हिल कमिशनरचे, त्यांनी जोसाया वेजवुड यांस दिले. हे वेजवुड आपले जुने स्नेही. सियोनवादाचा इतका निष्ठावंत कैवारी ब्रिटिश पार्लमेंटात क्वचितच झाला असेल. १९४६ मध्ये वसाहतकऱ्यांना घेऊन या किनाऱ्याकडे निघालेल्या एका जहाजास त्यांचेच नाव दिले होते. अशा उदार मनुष्याच्या हाती ती यंत्रणा गेली आणि जशीच्या तशी बाहेर आली. गोदी कामगार व लंडनचे ट्रामवाले संपावर गेले तेव्हा मजूर सरकारनेही आणीबाणीची तयारी केली. खुर्चीवर बसणारा कोणीही असो, राजधानीत दूध व पीठ पोहोचले पाहिजे ही चिंता त्यास सुटत नाही. मात्र याच चिंतेच्या आडून दुसरेही पुष्कळ काही करता येते.

लाल शुक्रवारनंतरचे काम सर जॉन अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. हेच गृहस्थ १९३२ मध्ये बंगालचे गव्हर्नर होऊन गेले. इंग्लंड व वेल्स यांचे दहा विभाग पाडून प्रत्येकावर एक सिव्हिल कमिशनर नेमण्याचे ठरले. तारा व दूरध्वनी बंद पडले आणि लंडनशी संबंध तुटला, तरी त्याने आपल्या जबाबदारीवर विभाग चालवावा अशी योजना होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये आरोग्यखात्याने ६३६ क्रमांकाचे परिपत्रक काढून नगरपालिकांस त्यांची कामे कळविली. मोटार-लॉऱ्यांच्या याद्या झाल्या, कोळशाचे साठे वाढविले गेले. सप्टेंबरात पुरवठा राखण्यासाठी म्हणून एक खाजगी स्वयंसेवक संघटना निघाली. तिचे अध्यक्ष लॉर्ड हार्डिंज, म्हणजे १९१० ते १९१६ या काळातले हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. सरकारने वरवर तिच्याशी संबंध ठेवला नाही, पण वेळ येताच तिची माणसे आपल्या कामास लावली. ऑक्टोबरात कम्युनिस्ट पक्षाचे बारा पुढारी पकडले गेले. त्यांच्यावर १७९७ सालचा, लष्करात बंडाची चिथावणी देण्याविरुद्धचा कायदा लावण्यात आला व सर्वांस सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद झाली. पिठाच्या पुरवठ्याशी या खटल्याचा संबंध कसा लावावा हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.

आणि कामगारांची तयारी? सांगण्यासारखी जवळजवळ नव्हतीच. ट्रेड्स युनियन काँग्रेसने संपाची प्रत्यक्ष आखणी एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात हाती घेतली. ते काम वाहतूक कामगारांचे पुढारी अर्नेस्ट बेविन यांच्यावर पडले, आणि त्यांनी ते थोड्या दिवसांत मोठ्या हुशारीने केले. होय, तेच बेविन. वीस वर्षांनंतर परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी आपल्या बांधवांची जहाजे अडविली. ते नाव या देशात कोणी प्रेमाने घेत नाही. पण १९२६ मध्ये ते गरिबांच्या बाजूने उभे होते, हे लिहिणे प्राप्त आहे.

सॅम्युएल कमिशनचा अहवाल मार्च १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीनमालकांचे खनिजावरील हक्क राष्ट्राने विकत घ्यावे, धंद्याची पुनर्रचना करावी, कामाचे तास वाढवू नयेत. मात्र अनुदान बंद करावे व तूर्त मजुरी कमी करावी, असा त्याचा आशय होता. मालकांस पहिला भाग नको होता, कामगारांस शेवटचा. एप्रिलअखेर अनुदान थांबले, मालकांनी टाळेबंदी केली, आणि सुमारे दहा लाख खाणकामगार घरी बसले. आणीबाणीची घोषणा झाली. शेवटच्या रात्री एका दैनिकाच्या मुद्रकांनी संपाविरुद्धचा अग्रलेख छापण्याचे नाकारले, तेवढे निमित्त करून मंत्रिमंडळाने बोलणी तोडली. ३ मे रोजी मध्यरात्री सार्वत्रिक संप सुरू झाला. रेल्वे, ट्राम, गोदी, छापखाने मिळून आणखी पंधरा लाखांवर माणसांनी काम थांबविले.

मग नऊ महिन्यांचे गुपित उघड झाले. हाइड पार्कमध्ये दुधाचे केंद्र उभे राहिले. विद्यार्थी व निवृत्त अधिकारी बसगाड्या हाकू लागले. दोन लाखांवर खास शिपाई नेमले गेले. मर्सी नदीच्या मुखाशी रॅमिलीज व बारहॅम या युद्धनौका आल्या. लंडनच्या गोदीतील शीतगृहांस पाणबुड्यांच्या यंत्रांनी वीज पुरविली. ८ मे रोजी शंभराहून अधिक लॉऱ्यांचा तांडा चिलखती मोटारींच्या पहाऱ्यात गोदीतून पीठ घेऊन निघाला. चर्चिल यांनी सरकारी वृत्तपत्र काढले आणि संपवाल्यांस देशाचे शत्रू म्हणून रंगविले. त्याच दिवसांत प्लिमथ येथे पोलीस व संपवाले एकमेकांशी फुटबॉल खेळत होते. कित्येक गावी दंगली झाल्या, न्यूकॅसलच्या उत्तरेस रूळ काढल्याने एक मेलगाडी घसरली, तीन हजारांवर खटले भरले गेले. तथापि ज्या क्रांतीसाठी एवढी सिद्धता केली होती ती कोठेच नव्हती. लोक पगारासाठी झगडत होते.

येथे सॅम्युएल पुन्हा दिसतात. ते इटलीत होते. कोणी न बोलावता परत आले व स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी तडजोडीचा एक मसुदा केला. ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी तो मानला आणि १२ मे रोजी संप मागे घेतला. खाणकामगारांस तो मान्य नव्हता. सरकारने तर त्या मसुद्याशी आपला संबंध नाही असे आधीच सांगितले होते, आणि सॅम्युएल यांनीही ते लपविले नव्हते. प्रामाणिक मध्यस्थाचा उपयोग दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीने केला, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

खाणकामगार नोव्हेंबरपर्यंत एकटे लढले. आणीबाणीची घोषणा दरमहा नवी होत राहिली. जुलैमध्ये दोन कायदे झाले : एकाने खाणीतील सात तासांऐवजी आठ तासांचे काम कायदेशीर केले; दुसऱ्याने गरिबांस मदत देणारी स्थानिक मंडळे बरखास्त करण्याचा अधिकार आरोग्यमंत्र्यांस, नेव्हिल चेंबरलेन यांस, दिला. वेस्ट हॅमसारखी जी मंडळे सढळ हाताने मदत देत होती त्यांवर तो चालविला गेला. मे महिन्यात लोकांच्या तोंडी पीठ पडावे म्हणून सैन्य आणणारे सरकार जुलैमध्ये गरिबांच्या मदतीचा हात आखडू लागले. हिवाळ्याच्या तोंडाशी माणसे कमी मजुरीवर, अधिक तासांसाठी खाणीत उतरली.

१९२७ मध्ये पार्लमेंटाने सहानुभूतीचे व सरकारवर दबाव आणणारे संप बेकायदा ठरविले. त्याचे पडसाद मुंबईपर्यंत आले. १९२८ मध्ये तेथील सुमारे दीड लाख गिरणीकामगार सहा महिने संपावर होते. कोकणातली व घाटावरची घरे त्यांच्या मनिऑर्डरीवाचून बसली. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळात औद्योगिक तंट्यांचे बिल आणले, आणि संपबंदीची कलमे इंग्लंडच्या १९२७ च्या कायद्यावरून घेतली. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीस ते बिल मंजूर झाल्यावर भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून सभागृहात बाँब टाकले. इंग्लंडमधील मूळ कायदा १९४६ मध्ये मजूर सरकारने रद्द केला, आणि त्या मंत्रिमंडळात बेविन होते. हिंदुस्थानातील १९२९ च्या कायद्याची जागा पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने घेतली.