झेलमच्या काठचा रस्ता

श्रीनगरहून बारामुल्ला, उरी करीत मुजफ्फराबादला आणि पुढे रावळपिंडीला जाणारा एक जुना रस्ता आहे. बरीचशी वाट तो झेलमच्या काठाने चालतो. १९४७पूर्वी काश्मीर खोऱ्याचे बाहेरच्या जगाशी दळणवळण मुख्यतः याच रस्त्याने होते. भारत-पाकिस्तानने काश्मीरबाबत बोलणी करावीत की नाही, हा वाद आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. बहुधा तो दिल्लीच्या किंवा इस्लामाबादच्या खिडकीतून मांडला जातो. आज तो या रस्त्यावर उभे राहून पाहू.

ऑक्टोबर १९४७मध्ये पठाणी टोळ्या याच वाटेने आल्या. बारामुल्ल्यात त्यांनी लूट आणि कत्तल केली. नॅशनल कॉन्फरन्सचा तरुण कार्यकर्ता मकबूल शेरवानी याने त्यांना चुकीची वाट दाखवून खोळंबा केला, आणि त्याची किंमत स्वतःच्या प्राणांनी दिली. २६ ऑक्टोबरला महाराजा हरिसिंहांनी विलीननाम्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी भारतीय सैन्य श्रीनगरला उतरले. १ जानेवारी १९४९ रोजी तोफा थांबल्या, तेव्हा रस्त्याचे दोन तुकडे झालेले होते. एक भाऊ उरीला, दुसरा मुजफ्फराबादला, अशी घरे तुटली.

त्यानंतर हा तिढा तोफांनी सोडवायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९६५मध्ये भारतीय जवानांनी उरी आणि पूंछ यांना जोडणारी हाजीपीर खिंड जिंकली. जानेवारी १९६६च्या ताश्कंद करारानंतर ती परत करावी लागली. १९७१च्या युद्धानंतर २ जुलै १९७२ रोजी सिमल्यात करार झाला, युद्धबंदी रेषेची नियंत्रण रेषा झाली. नाव बदलले, थोडीफार ठाणी इकडची तिकडे झाली. पण रेषा मोठ्या प्रमाणावर जिथे होती तिथेच राहिली. १९९९मध्ये कारगिलच्या शिखरांवर घुसखोरी करूनही ती हलली नाही. इतक्या युद्धांनी जे झाले नाही ते आणखी एका युद्धाने होईल, असे मानायला इतिहासात आधार सापडत नाही.

बोलण्यांचा इतिहासही फार उजळ नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९६२-६३मध्ये स्वर्णसिंह आणि भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. हाती काही लागले नाही. मे १९६४मध्ये शेख अब्दुल्ला पंडित नेहरूंच्या संमतीने पाकिस्तानात गेले. अयूब खान दिल्लीला यायला तयार झाले. २७ मे रोजी शेखसाहेब मुजफ्फराबादला असतानाच नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि ती वाट तिथेच खुंटली.

मग २००५ साल उजाडले. श्रीनगर-मुजफ्फराबाद बस सुरू करायचे ठरले, पण गाडी अडली ती कागदावर. पासपोर्ट मागितला तर नियंत्रण रेषा ही आंतरराष्ट्रीय सीमा ठरते, आणि ते पाकिस्तानला मान्य नव्हते. तोडगा निघाला साध्या परवान्याचा. कोणीही आपला दावा सोडला नाही. मात्र दुरावलेल्या माणसांना भेटता आले. ६ एप्रिलला श्रीनगरमध्ये प्रवासी उतरले होते त्या इमारतीवर अतिरेक्यांनी हल्ला केला. तरीही ७ एप्रिलला बस निघालीच. पूल ओलांडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या मातीला कपाळ टेकले. ऑक्टोबर २००८मध्ये याच रस्त्याने व्यापारही सुरू झाला. पैशाचा व्यवहार नाही, मालाच्या बदल्यात माल. बोलण्यांनी काय मिळते, याचे माझ्या मते हे सर्वांत चांगले उत्तर आहे: प्रश्न सुटत नाही, पण त्या प्रश्नासह जगता येते.

चर्चेला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मात्र हलका नाही. फेब्रुवारी १९९९मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले आणि मे महिन्यात कारगिल उघडकीस आले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री बोलणी करायला दिल्लीत होते आणि त्याच रात्री मुंबईवर हल्ला झाला. १६६ माणसे गेली. त्यांत आपलेही भाऊबंद होते. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा देण्यास मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला. तो नकार कोणाच्या सांगण्यावरून नव्हता. अतिरेक्यांना आसरा देणाऱ्याशी बोलायचे कशाला, हा प्रश्न आपलाही आहे. म्हणूनच बोलण्यांत पहिला विषय हाच असला पाहिजे. पण जो विषय ठणकावून मांडायचा तो मांडण्यासाठीही समोर बसावेच लागते.

२०२०मध्ये भारताच्या नोंदीनुसार नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधीचे पाच हजारांहून अधिक भंग झाले. फेब्रुवारी २०२१मध्ये दोन्ही लष्करांचे अधिकारी बोलले आणि गोळीबार जवळजवळ थांबला. सीमेवरच्या गावांत शेते पुन्हा कसली जाऊ लागली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यांत सहाजण आपल्या महाराष्ट्रातले होते, आणि पर्यटकांना वाचवायला धावलेला एक काश्मिरी मुसलमान घोडेवालाही होता. तीन युद्धे पचवलेला १९६०चा सिंधू पाणीवाटप करार भारताने स्थगित ठेवला. मे महिन्यात चार दिवस तोफा आणि क्षेपणास्त्रे चालली. पूंछमध्ये लहान मुले गेली. १० मे रोजी ते थांबले, तेही दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या फोनवरच्या बोलण्याने.

आपल्यापुरते बोलायचे तर सीमेवर पहिली गोळी सुटली की इथल्या मोहल्ल्यातल्या माणसाकडे निष्ठेचा दाखला मागितला जातो, आणि शहरात शिकायला आलेल्या काश्मिरी मुलाला खोली सोडायला सांगितली जाते. १९९०मध्ये खोरे सोडावे लागलेले पंडित अजून परतीची वाट पाहतात. टेबलावर दोन सरकारे बसतात. उरीचा शेतकरी आणि जम्मूतला विस्थापित पंडित बाहेर उभे राहतात. बोलणी फसण्याचे हेही एक कारण आहे.

२०१९मध्ये त्या रस्त्यावरची बस आणि मालाचे ट्रक दोन्ही थांबले. झेलम मात्र उरीवरून मुजफ्फराबादकडे वाहतेच आहे. युद्धानंतर बोलायचेच असते, हे आपण इतक्या वेळा पाहिले आहे. मग ते माणसे मरण्याआधी का बोलू नये, एवढेच विचारायचे आहे.