चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसरची गोष्ट



आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागं एक कर्जाचा अर्ज आला. शेळी, शिलाई मशीन, फी, दवाखाना अशा कारणांची आम्हाला सवय आहे. या अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘मुलीचा चष्मा काढणे’. मुलीला बघायला येणार होते आणि आईला वाटत होतं की त्याआधी चष्मा गेलेला बरा.

मग काय, बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, दहा मिनिटांचं काम, कळतसुद्धा नाही. दुसरी म्हणाली, लेसरनं डोळा जळतो. तिसरी म्हणाली, माझ्या सासूबाईंचं झालंय की लेसर, काही होत नाही. नंतर विचारलं तर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सगळ्या बोलत होतो, पण माहिती कुणाजवळच नव्हती. तेव्हा आम्ही ठरवलं की या महिन्यात हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. आधी समजून घ्यायचं. डॉक्टरांना विचारलं, वाचलं. त्यातून जी गोष्ट हाती आली ती आज तुम्हाला सांगतो.

आधी नंबर म्हणजे काय ते बघू. डोळ्यात उजेड शिरतो तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. हा पडदा मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याला बाक असतो, त्यामुळं उजेड वळतो. आत भिंग आहे, ते आणखी वळवतं, आणि चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटतं. हे नीट समजावून सांगितलं ते योहानेस केप्लर या जर्मन शास्त्रज्ञानं, १६०४ मध्ये. डोळ्याचा गोळा जरा लांबट झाला, तर चित्र मागच्या पडद्याच्या अलीकडंच उमटतं. मग जवळचं दिसतं, लांबचं पुसट दिसतं. चष्म्याची काच उजेडाला डोळ्यात शिरण्याआधीच थोडं वळण देते आणि चित्र जागेवर आणते.

चष्मा मात्र केप्लरच्याही तीनशे वर्षं आधीचा. इटलीत १२८० ते १२९० च्या सुमारास पहिले चष्मे बनले. ते चाळिशीचे होते, म्हणजे वय झाल्यावर जवळचं वाचायला लागतात तसे. लांबचं बघायच्या चष्म्याला आणखी दीडेकशे वर्षं लागली. आपल्या देशातली जुनी नोंद विजयनगरची आहे. तिथले व्यासतीर्थ नावाचे मोठे स्वामी १५२० च्या सुमारास चष्मा लावून वाचत, असं त्यांच्या चरित्रात आहे. ही नोंद शोधून भारतातल्या चष्म्याचा इतिहास मांडला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी. म्हणजे मोठमोठ्या विद्वानांनी चष्मा लावला आणि कुणी त्यांना नाकारलं नाही. हे आमच्या बैठकीत सांगितल्यावर सगळ्या हसल्या, पण त्या मुलीची आई काही हसली नाही.

चष्मा नको म्हणणाऱ्यांसाठी डोळ्यातच घालायची काच निघाली. आधी ती खरोखर काचेचीच होती आणि टोचायची. १९६१ च्या नाताळात प्राग शहरात ओट्टो विख्टर्ले या शास्त्रज्ञानं मुलांच्या जोडखेळातले भाग वापरून घरीच एक यंत्र बनवलं आणि त्यावर मऊ लेन्स तयार केली. आजच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तिथून आल्या. पण लेन्सला रोज स्वच्छ हात आणि औषधाचं पाणी लागतं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी तिला चालत नाही, डोळ्यात जंतू जाऊन मोठी जखम होऊ शकते. शेतात, धुळीत काम करणारीला हे सांभाळणं सोपं नाही.

मग विचार आला की काच बाहेर लावण्यापेक्षा बुबुळावरच्या पडद्याचाच बाक बदलला तर? इथून गोष्ट जरा अवघड होते, म्हणून नीट ऐका.

जपानमध्ये त्सुतोमु सातो नावाचे डॉक्टर होते. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यांनी या पडद्यावर बारीक चिरा देऊन तो सपाट करायची पद्धत काढली. चिरा बाहेरून दिल्या आणि आतल्या बाजूनंही दिल्या. नंबर उतरला, लोक आनंदानं घरी गेले. पण पडद्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक नाजूक थर असतो. तो पडद्यातलं पाणी बाहेर काढत राहतो, म्हणून पडदा काचेसारखा स्वच्छ राहतो. या पेशी एकदा गेल्या की माणसाच्या डोळ्यात पुन्हा तयार होत नाहीत. हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पंधरा-वीस वर्षांनी त्यातल्या पुष्कळ जणांचे डोळे पाणी धरून ढगाळ झाले. चष्मा लावून ज्यांना छान दिसत होतं, त्यांची नजर गेली.

पुढं मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात चिरा फक्त बाहेरून द्यायला सुरुवात केली. चष्मा फुटून एका मुलाच्या डोळ्याला काच लागली आणि जखम भरल्यावर त्याचा नंबर कमी झाला, त्यावरून ही पद्धत सुचली असं सांगतात. त्यांच्या दवाखान्यात पेशंट सरकत्या पलंगांवरून एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं जात आणि प्रत्येक डॉक्टर ऑपरेशनचा एकेक भाग करी. ही पद्धत अमेरिकेत गेली तेव्हा तिथं डॉक्टरांनी एक चांगलं काम केलं. ऑपरेशन झालेल्यांना दहा वर्षं पुन्हा पुन्हा बोलावून तपासलं. १९९४ मध्ये निकाल आला. दर १०० डोळ्यांतल्या ४३ डोळ्यांचा नंबर नंतर उलट्या बाजूला, एक किंवा त्याहून जास्त, सरकला होता. चिरा दिलेला पडदा हळूहळू आणखी सपाट होत गेला होता.

आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे पहिल्या वर्षी विचारलं असतं तर सगळ्यांनी छान म्हणून सांगितलं असतं. तेच खरं. डोळ्याच्या बाबतीत शेजारणीचा पहिल्या महिन्याचा अनुभव पुरत नाही.

आता लेसर. ही गोष्ट आपल्या एका माणसाची आहे. रंगस्वामी श्रीनिवासन यांचा जन्म मद्रासचा, शिक्षणही तिथलं, पुढं ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कजवळ आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत ते काम करत. तिथं डोळ्यांशी कुणाचा काही संबंध नव्हता. एक्सायमर नावाचं लेसर प्लास्टिकवर बारीक कोरीवकाम करायला वापरत होते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण झाला. त्या दिवशी घरोघरी टर्की नावाचा मोठा पक्षी शिजवतात. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन त्यातलं उरलेलं हाड घेऊन प्रयोगशाळेत आले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युएल ब्लम यांनी ठरवलं की हे लेसर सजीवाच्या शरीरावर कसं चालतं ते बघू. दुसऱ्या लेसरनं मांस करपलं. एक्सायमरनं मात्र सुबक खाच पडली, आजूबाजूला काही भाजलं नाही. हा डोळ्यांना न दिसणारा किरण भाजत नाही, तर कणांमधले बंध तोडतो आणि केसाच्या जाडीच्या दोन-तीनशेव्या भागाएवढा थर एका वेळी उडवतो.

१९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर दाखवलं की असा थर बुबुळावरच्या पडद्यावरूनही काढता येईल. पण सातोंचा अनुभव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. म्हणून या वेळी घाई झाली नाही. आधी जनावरांच्या डोळ्यांवर, मग ज्यांत दृष्टी उरलेली नाही अशा डोळ्यांवर काम झालं. पण दिसणाऱ्या डोळ्यावर पहिल्यांदा करायचं ते कुणाच्या?

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एक बाई पुढं आली. तिचं वय साठीच्या पुढं. डोळ्याच्या खोबणीत कॅन्सर झालेला आणि तो डोळा काढून टाकायचं ठरलेलं. डोळ्याला दिसत होतं. ती म्हणाली, हा डोळा जाणारच आहे, त्याआधी तुम्हाला काही शिकता येत असेल तर शिकून घ्या. मार्गरिट मॅकडोनाल्ड या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी त्या डोळ्यावर लेसर केलं. पुढचे काही दिवस जखम कशी भरते ते पाहिलं, आणि डोळा काढल्यावर तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. जखम स्वच्छ भरली होती. आज जगात ज्यांचे ज्यांचे चष्मे गेले, त्यांच्यावर या बाईचे उपकार आहेत. तिला स्वतःला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. हे ऐकताना आमच्या बैठकीत कुणी बोललं नाही.

अमेरिकन सरकारनं या लेसरला परवानगी दिली ती १९९५ मध्ये. म्हणजे त्या हाडापासून परवानगीपर्यंत चौदा वर्षं गेली. दरम्यान १९९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावरचे डॉक्टर इओआनिस पॅलिकारिस यांनी आणखी एक रीत बसवली. पडद्याचा वरचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, खालच्या भागावर लेसर द्यायचं, पापुद्रा पुन्हा मिटायचा. यालाच लॅसिक म्हणतात. दुखणं कमी आणि नजर लवकर येते. पुढं हा पापुद्रा पात्याऐवजी दुसऱ्या अतिवेगवान लेसरनं कापू लागले. त्या लेसरमागच्या शोधासाठी २०१८ चं नोबेल मिळालं, आणि ते घेणाऱ्यांत डोना स्ट्रिकलँड ही बाई आहे.

तरी चुका संपल्या नव्हत्या. १९९८ पासून डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की काही जणांचा पडदा लॅसिकनंतर कमजोर होऊन पुढं फुगतो आणि नजर वेडीवाकडी होते. मुळातच पातळ किंवा वाकडा असलेला पडदा आणखी पातळ केला की असं होण्याची भीती जास्त. म्हणून आज ऑपरेशनआधी पडद्याची जाडी मोजतात आणि त्याचा नकाशा काढतात.

मैत्रिणींनो, ही सगळी गोष्ट सांगायचं कारण हेच. चांगला डॉक्टर ऑपरेशनआधी जे प्रश्न विचारतो, त्यातला बराचसा भाग कुणाच्या तरी गेलेल्या नजरेतून शिकलेला आहे. वय अठराच्या पुढं आहे का? निदान वर्षभर नंबर स्थिर आहे का? डोळे चोळायची सवय आहे का? डोळे कोरडे पडतात का? गरोदर आहात का, बाळ अंगावर पितं का? कारण त्या काळात नंबर बदलू शकतो. मधुमेह, सांधेदुखीचा आजार आहे का? लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवल्या का? आणि या तपासणीनंतर डॉक्टर ‘तुम्हाला हे करता येणार नाही’ म्हणाले, तर रागावू नका. पैसे देऊनही नाही म्हणणारा डॉक्टर तुमचा डोळा वाचवतो आहे. तपासणी न करता लगेच तारीख देणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

आणखी चार गोष्टी. लेसरनं लांबचा चष्मा जातो, पण चाळिशी कुणालाच चुकत नाही. सुई ओवायला पुढं चष्मा लागणारच. ऑपरेशननंतर काही महिने डोळे कोरडे वाटणं, रात्री दिव्याभोवती कडं दिसणं हे होऊ शकतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन वेगळं. त्यात आतलं गढूळ भिंग काढून नवं बसवतात, आणि बहुतेक वेळा त्यात लेसर नसतंच. ते नजर वाचवायला करावंच लागतं आणि सरकारी शिबिरांत मोफत होतं. चष्म्याचं लेसर म्हणजे आपल्या हौसेचा किंवा सोयीचा खर्च. नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर आरोग्य विम्यातूनही साधारणपणे पैसे मिळत नाहीत.

आता आमच्या अर्जाचं काय झालं ते सांगतो. पुढच्या बैठकीला आम्ही त्या मुलीलाच बोलावलं. तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, मला चष्मा जायला हवा आहे, पोलीस भरतीची तयारी करते, धावताना घामानं घसरतो. आम्ही नंबर विचारला. तिनं दोन कागद दाखवले. वर्षात नंबर वाढला होता. आई गप्प झाली.

गटानं ठरवलं की तपासणीपुरते पैसे आत्ता द्यायचे. वर्षभर नंबर जागेवर राहिला, डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मुलीच्या मनात तेव्हाही असलं, तर ऑपरेशनचं कर्ज द्यायचं. पाहुण्यांपुढं चष्मा लावूनच बसायचं, हे मात्र मुलीनंच सांगितलं. म्हणाली, मला त्यांचं तोंड तरी नीट दिसू दे.

पाहुणे येऊन गेले. निरोप अजून आलेला नाही. मुलगी रोज पहाटे धावायला जाते, चष्म्याला मागून दोरी बांधून.

तुमच्याही गटात असा अर्ज आला तर आधी जिचा डोळा आहे तिला बोलावा, आणि तिच्या नंबरचे जुने कागद मागा.