सेवा-संगणक, आल्टो जालावरील

सेवा-संगणक, आल्टो जालावरील : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पॅलो आल्टो येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील छोट्या संगणकजालावर समाईक कामासाठी राखून ठेवलेले संगणक. कार्यालयीन जालांत पुढे सर्वत्र दिसू लागलेल्या सर्व्हरची मांडणी बऱ्याच अंशी येथे आकारास आली.

एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांनी वाटून घ्यावयाचा, ही त्या काळची रूढ पद्धत होती. वापरणारे वाढले की यंत्र मंदावे व ते बंद पडले की सर्वांचेच काम थांबे. यावर उपाय म्हणून बटलर लॅम्पसन, चार्ल्स थॅकर इत्यादींनी प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र संगणक देण्याचे योजिले. १९७३ मध्ये तयार झालेल्या या आल्टो संगणकाच्या तबकडीत मात्र अवघी २·५ मेगाबाइट माहिती मावत असे. शिवाय गॅरी स्टार्कवेदर यांचे लेसर मुद्रणयंत्र झेरॉक्सच्या मोठ्या प्रतिलिपी यंत्रावर आधारलेले असल्याने ते प्रत्येकाला देणे शक्यच नव्हते. ते सर्वांत मिळून एकच ठेवणे भाग होते.

यंत्रे जोडण्यासाठी रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ईथरनेटची कल्पना मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आणली. या जालाचा वेग सेकंदाला २·९४ मेगाबिट होता. मुद्रणयंत्र दर इंचास ५०० ठिपके या प्रमाणात सेकंदाला एक पृष्ठ छापी. अशा पृष्ठात सु. २·३ कोटी ठिपके येतात आणि ते सर्व जालावरून धाडावयाचे, तर एका पृष्ठास सु. ८ सेकंद लागले असते. म्हणून अक्षरे व त्यांची स्थाने एवढेच पाठवून ठिपके मुद्रणयंत्राजवळच निर्माण करण्याची योजना करण्यात आली. त्यासाठीची अक्षरजनक सामग्री लॅम्पसन व रॉन रायडर यांनी रचली. तिच्या जोडीला एक आल्टो कायमचा बसविण्यात आला. आलेल्या फायली आपल्या तबकडीवर उतरवून घेऊन क्रमाने छापणे, हे त्याचे काम. तो कोणा एकाचा नव्हता.

पुढे मोठ्या तबकड्या जोडलेले आल्टो फायली साठविण्यासाठी वेगळे काढण्यात आले. एडवर्ड टॅफ्ट व बॉग्ज यांच्या अशा एका प्रणालीला ‘इंटेरिम’ म्हणजे हंगामी असे नाव होते. हंगामी व्यवस्थांचे बहुधा होते त्याप्रमाणे तीही अनेक वर्षे टिकली.

वैयक्तिक संगणकामुळे टळलेले परावलंबन अशा रीतीने काही अंशी परत आले. लेखन व आरेखन ज्याच्या त्याच्या यंत्रावर चालू राही. परंतु सेवा-संगणक बंद पडला की छपाई व समाईक फायली अडत. १९८० च्या सुमारास उभारलेल्या ग्रेपव्हाइन या टपालप्रणालीत या अडचणीचा आधीच विचार केलेला होता. तीत वापरणाऱ्यांच्या नोंदींच्या प्रती अनेक सेवा-संगणकांवर ठेवीत आणि प्रत्येकाला निरनिराळ्या संगणकांवर एकाहून अधिक टपालपेट्या देता येत, त्यामुळे एक संगणक बंद असताही येणारे टपाल दुसऱ्यावर स्वीकारले जाई.