गोंदण : सुई कुणाच्या हातात?

‘मुसलमानांत गोंदण नसतं,’ असं आपल्याकडं सरसकट सांगितलं जातं. सांगणारा मौलवी असो की कॉलेजातला प्राध्यापक, या एका बाबतीत दोघांचं एकमत असतं. धर्मग्रंथ समोर ठेवून पाहिलं तर या विधानात चूक काढणं अवघड आहे. पण मोरोक्कोच्या डोंगरातल्या, इराकच्या खेड्यांतल्या, तुर्कीतल्या उर्फा-मार्दिन भागातल्या आणि आपल्या मराठवाड्यातल्याही जुन्या मुसलमान बायकांच्या हनुवट्या आणि मनगटं पाहिली, की वेगळाच इतिहास समोर येतो. लोकांनी अंगावर कोणती नक्षी काढून घेतली आणि का, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. पण त्यात दुखणं आहे, नातीगोती आहेत आणि सत्ताही आहे.

आधी धर्माचं म्हणणं पाहू. अरबीत गोंदणाला ‘वश्म’ म्हणतात. इस्लामपूर्व अरबस्तानात ते घरोघरी माहीत होतं. सहाव्या शतकातला कवी तरफा याच्या प्रसिद्ध कसीद्यात प्रेयसीच्या उठून गेलेल्या वस्तीच्या खुणांना हातावरच्या पुसट गोंदणाची उपमा दिलेली आहे. ऐकणाऱ्यांनी तशा खुणा रोज पाहिलेल्या असल्याशिवाय अशी उपमा कुणी देत नाही. पुढं हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये गोंदणाऱ्या आणि गोंदून घेणाऱ्या बायकांवर लानत आली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. कारण दिलं आहे ते अल्लाहच्या निर्मितीत बदल करण्याचं. कुरआनात गोंदणाचा थेट उल्लेख नाही. सूरह निसाच्या ११९व्या आयतीत निर्मितीत बदल करायला लावण्याची भाषा सैतानाच्या तोंडी येते, तिच्याशी आलिमांनी हा विषय जोडला. सुन्नी फिकहमध्ये गोंदण नाजायज ठरलं. शिया परंपरेतले अनेक आलिम मात्र ते सरसकट हराम मानत नाहीत.

इतकी स्पष्ट मनाई असताना बायका गोंदून का घेत राहिल्या? याचं चांगलं उत्तर इराकमध्ये मिळतं. विनिफ्रेड स्मीटन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तिथल्या अरबांच्या गोंदणावर १९३७ साली एक लेख प्रसिद्ध केला. तिकडं गोंदणाला ‘दक्क’ म्हणतात, म्हणजे ठोकणं, टोचणं. स्मीटन यांनी त्याचे दोन भाग पाडले. एक सजावटीचं गोंदण आणि दुसरं उपायाचं. डोकं सतत दुखतं म्हणून कानशिलावर ठिपके, सांधा धरतो म्हणून सांध्यावर ठिपके. मूल व्हावं म्हणून गोंदण. झालेलं मूल जगावं म्हणूनही गोंदण. ज्या आईची लेकरं एकामागून एक गेली, तिच्या पुढच्या लेकराच्या अंगावर एखादा साधा ठिपका उमटायचा.

हे वाचताना मला आपल्याकडचे धोंडू, दगडू आणि उकिर्डा आठवले. मूल जगत नसलं की त्याला असं दगडाधोंड्याचं नाव ठेवायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर पडणार नाही. इराकी आईचा ठिपका आणि मराठी आईनं ठेवलेलं नाव यांच्यामागची भीती एकच आहे. डॉक्टर दूर होता, औषध नव्हतं. हाताशी होती ती सुई आणि दिव्याची काजळी.

तुर्कीच्या आग्नेय भागात कुर्द आणि अरब बायका याच कलेला ‘दक’ म्हणतात. तिथं काजळी आईच्या दुधात कालवायची रीत होती. दूध शक्यतो मुलगी झालेल्या बाईचं. नक्षीत सूर्य, चंद्र, हरीण आणि कंगवा. उत्तर आफ्रिकेत अमाझिग म्हणजे बर्बर बायकांच्या हनुवटीवर उभी रेघ आणि तिच्या बाजूंनी ठिपके असत. कपाळावर, गालावर छोट्या आकृत्या. नजर लागू नये, पोटपाणी पिकावं, मुलगी लग्नाची झाली हे कळावं, आपण कोणत्या टोळीच्या हे दिसावं, अशी कारणं. या सगळ्या कलमा पढणाऱ्या, रोजे धरणाऱ्या बायका होत्या. आपण धर्माविरुद्ध काही करतोय असं त्यांच्या मनातही नसावं. आईनं केलं, आजीनं केलं, म्हणून त्यांनीही केलं.

महाराष्ट्रातली नक्षी वेगळी, पण कारणं फारशी वेगळी नाहीत. तुळशी वृंदावन, मोर, विंचू, कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर आणि गालावर ठिपके, हातावर नवऱ्याचं किंवा भावाचं नाव. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली जो मोठा ग्रंथ काढला, त्यात ‘सीतेची रसोई’ या नक्षीची नोंद आहे. सीतेचं स्वयंपाकघर अंगावर बाळगणाऱ्या बाईला स्वतःच्या चुलीची काळजी होती, हे सांगायला पंडित लागत नाही. दागिना सावकाराकडं जातो, चोर नेतो, मेल्यावर उतरवून घेतात. गोंदण तेवढं सोबत येतं, ही समजूत गावोगावी होती. गरीब बाईच्या मालकीची, कुणालाच काढून घेता न येणारी ती एकमेव वस्तू होती.

माझी नानी बीड जिल्ह्यातल्या खेड्यातली. तिच्या हनुवटीवर एक ठिपका, डाव्या मनगटावर विंचू आणि हातावर ‘दगडू’ अशी तीन अक्षरं होती. दगडू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दर्ग्याच्या उरुसात गोंदणारी बाई बसायची. तिला पायलीभर जोंधळा दिला की काम व्हायचं. नानीला वाचता येत नव्हतं. आपल्या अंगावरची अक्षरं तिनं कधी वाचली नाहीत, फक्त त्यांवरून बोट फिरवायची. विचारलं तर तिच्या दखनीत म्हणायची, “सोना चोर लेके जाता, ये कौन लेके जाता?”

उतारवयात तिला कुणीतरी सांगितलं की, अंगावर गोंदण असलं तर वुजू होत नाही, आणि वुजू नाही तर नमाज नाही. त्यानंतर कित्येक दिवस ती मनगट राखेनं घासत होती. कातडी लाल व्हायची, विंचू तसाच राहायचा. साठ वर्षं केलेले सजदे वाया गेले, या धास्तीनं ती रात्री उठून बसायची. खरं तर फिकहचा हिशेब साधा आहे. गोंदणाचा रंग कातडीच्या आत असतो, वर थर नसतो. पाणी कातडीपर्यंत पोहोचतं. म्हणून वुजू आणि गुस्ल होतो, असंच बहुतेक आलिम सांगतात. शिवाय अजाणत्या वयात दुसऱ्यानं टोचलेल्या खुणेचा गुन्हा त्या मुलीच्या माथी येत नाही. पण मनाई सांगणारे घाईत असतात आणि सवलत सांगायला त्यांना वेळ नसतो. अल्जेरियातही हेच घडलं. तिथल्या काही म्हाताऱ्या बायकांनी गोंदणाचं प्रायश्चित्त म्हणून आपले चांदीचे दागिने सदका केल्याच्या हकिकती प्रसिद्ध झाल्या आहेत. ज्या खुणा आईनं लेकीच्या भल्यासाठी काढल्या, त्यांचीच लेकीला म्हातारपणी लाज वाटावी, हे मला अन्यायाचं वाटतं.

इथवर सुई बायकांच्या हातात होती. ती दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, हेही इतिहासात आहे.

बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं १७९७ सालच्या नियमानं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदायला सुरुवात केली. कैद्याचं नाव, गुन्हा आणि शिक्षेचा तपशील, तोही लोकांना वाचता येईल अशा देशी लिपीत. या शिक्षेचं नाव होतं ‘गोदना’. गावातल्या बायकांचा शब्द, गावातलीच कला, पण काम कोतवालीचं. कैदी फेटा खाली ओढून कपाळ झाकायचे. ही शिक्षा १८४९ साली रद्द झाली. माणूस सुटला, सुधारला, म्हातारा झाला, तरी कपाळ त्याच्याविरुद्ध साक्ष देत राहायचं.

१९१५ नंतर ऑटोमन साम्राज्यात घरादारातून हाकलल्या गेलेल्या आर्मेनियन मुली आणि बायकांपैकी अनेकींना वाळवंटातल्या टोळ्यांनी घरात ठेवून घेतलं. कुणी दया म्हणून, कुणी बायको किंवा गुलाम म्हणून. त्यांच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर टोळीची गोंदणं उमटली. पुढं कॅरेन येप्पे या डॅनिश बाईंनी राष्ट्रसंघाच्या वतीनं अलेप्पोत अशा मुलींसाठी निवारा चालवला. परत आलेल्या कित्येक जणी आयुष्यभर ते चेहरे लपवत जगल्या. बेदुईन घरातल्या मुलीच्या हनुवटीवर जी नक्षी कौतुकाची होती, तीच या मुलींसाठी बळजबरीची निशाणी झाली. आपल्या मुस्लिम समाजात या प्रकरणावर फार कमी बोललं जातं. बोललं पाहिजे.

फाळणीत पंजाबात तिन्ही धर्मांच्या बायका पळवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणींच्या अंगावर विरुद्ध धर्माच्या घोषणा आणि चिन्हं गोंदली गेली. उर्वशी बुटालिया, तसंच रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ साली आलेल्या आपापल्या पुस्तकांत या बायकांचा इतिहास नोंदवला आहे. १९४९ साली भारतानं अपहृत व्यक्तींना शोधून परत पाठवण्याचा कायदा केला. देशांनी बायका परत घेतल्या, पण अंगावरची अक्षरं कोणत्या कायद्यानं पुसायची? इथं सुई धरणाऱ्याला त्या बाईशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या अंगाचा कागद करून त्याला समोरच्या जमातीला पत्र लिहायचं होतं.

आज शहरात गोंदणाला टॅटू म्हणतात आणि विजेवर चालणारं मशीन तासाभरात काम उरकतं. दुकानातल्या वह्या चाळल्या तर ‘आई’, मुलांची नावं, राजमुद्रा, ‘जय भीम’, बाबासाहेबांची सही, त्रिशूळ, मोरपीस दिसतात. मनाई ठाऊक असूनही आपली काही पोरं चाँदतारा, ७८६ किंवा आईचं नाव उर्दू लिपीत काढून घेतात. माझा त्यांना सल्ला विचाराल तर मी नको असंच सांगेन. पण त्यांच्याकडं तुच्छतेनं पाहू नये. ‘जय भीम’ गोंदणारा पोरगा पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या ओळखीच्या जागी स्वतः निवडलेली ओळख लिहितो. आईचं नाव गोंदणारा नानीच्याच वाटेनं जातो.

काळजी वाटते ती वाचणाऱ्यांची. ठिपका वाचायला गाव ओळखीचं लागायचं, नाव आणि चिन्ह मात्र कुणालाही वाचता येतं. दंगलीच्या दिवसांत दाढी, टोपी, टिळा, हातातला धागा हे सगळं वाचलं जातं. अंगावरची खूण तर ऐन वेळी उतरवून खिशातही ठेवता येत नाही.

हिरव्या ठिपक्यांची पिढी आता संपत आली आहे. तुमच्या घरात, गल्लीत अशी एखादी दादी, नानी, खाला असेल तर तिला हराम-हलाल सांगायला जाऊ नका. ही नक्षी कुठं काढली, कुणी काढली, काय दिलं, तेव्हा किती दुखलं, एवढंच विचारा आणि लिहून ठेवा. तिनं भीत भीत वुजूचा विषय काढला, तर तिची नमाज होते हेही सांगा.