खवल्यांची साक्ष: पेण-रोह्याचे बेने इस्रायल, मासा आणि तांदूळ

ब्रह्मदेशात सकाळचा नाश्ता म्हणजे मोहिंगा. आंबवलेल्या तांदळाच्या पिठाच्या बारीक शेवया आणि त्यांवर मासा, गवती चहा व केळीचे कोवळे कोंब घालून शिजवलेला दाट रस्सा. त्यात पडणारा मासा बहुधा मागुराच्या जातीचा, म्हणजे मिशांचा आणि बिनखवल्यांचा. कोकणातून रंगूनला गेलेल्या एका छोट्या समाजाला याच कारणाने तो ताटात घेता येत नव्हता. त्या समाजाची मुळे पेण, रोहा आणि अलिबागच्या खेड्यांत होती.

हा समाज म्हणजे बेने इस्रायल. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर ही त्यांची आडनावेच कुलाबा जिल्ह्याचा नकाशा सांगतात. अष्टमी हे कुंडलिकेच्या काठी, रोह्यासमोरचे गाव; वाक्रूळ पेण तालुक्यातले. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र हे लोक किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे निश्चित आहे. ग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली गेली. मुखात राहिली ती ‘शेमा’ ही प्रार्थना. सुंता राहिली, शनिवारचा विसावा राहिला आणि स्वयंपाकघरातील काही नियम राहिले.

त्यांतला एक नियम माशाचा. तोराच्या आज्ञेनुसार ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच मासा खाण्याजोगा. पेण-रोह्याच्या खाडीपट्टीत ही अट साधी नव्हे. जिताडा, रावस, बोय चालतात. पण शिंगाळा, मुशी, पाखट, कोळंबी, चिंबोरी, कालवे हे सारे वर्ज्य. शेजारचा आगरी किंवा कोळी ज्या पाटीतून अख्खा बाजार घेई, तिच्यातील निम्मी पाटी या घरांना उपयोगाची नव्हती.

याच नियमाभोवती समाजाची सर्वांत प्रसिद्ध कथा गुंफलेली आहे. दावीद रहाबी नावाचा एक ज्यू विद्वान कोकणात आला. हे तेली खरोखर इस्रायलचे वंशज आहेत का, ही शंका त्याला होती. त्याने स्त्रियांपुढे सर्व तऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधावयास सांगितले. स्त्रियांनी खवल्यांचे तेवढे निवडून घेतले, उरलेले बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकवून काजी नेमले.

ही कथा इतिहास म्हणून घेताना अडचण येते. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे आगमन सुमारे हजार वर्षांपूर्वीचे मानले. इतर अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी कुटुंबाशी घालतात. दोहोंत सात-आठ शतकांचे अंतर आहे. तरीही कथेचा गाभा पोकळ वाटत नाही. विद्वानाने परीक्षा घेतली ती पोथीवर नव्हे, चुलीपाशी. आणि उत्तरे दिली ती स्त्रियांनी. ज्या समाजाकडे कागद नव्हता त्याने आपला पुरावा जिथे होता तिथेच दाखवला, एवढे तरी या कथेतून दिसते.

कोकणाची माती मात्र तांदळात उतरली. पेणचे पोहे आजही नावाजलेले आहेत. तेच पोहे भिजवून त्यांत ओले खोबरे, गूळ, वेलची व फळे घालून ‘मलिदा’ होतो. तो नवस फेडताना आणि शुभकार्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. मलिदा हा शब्द फारसी, पदार्थ कोकणी, प्रेषित हिब्रू. सणांची जुनी नावेही पाहावीत: ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा सण’. दुसरे नाव जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाचे. तो दिवस वालाच्या बिरड्याने ओळखला जावा, हे रायगडबाहेर क्वचितच सुचले असते. गोमांस वर्ज्य मानण्याची चालही अशीच शेजाऱ्यांकडून आलेली.

आता पुन्हा रंगूनकडे. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायल पुरुष इंग्रजांच्या पलटणीत शिरले, ब्रह्मदेशाच्या युद्धांत लढले; पुढे नोकऱ्यांनिमित्त काही कुटुंबे तिथे स्थिरावली. रंगूनचे मुस्मेआ येशुआ हे सिनेगॉग मुख्यतः बगदादी ज्यूंचे. बेने इस्रायल ‘शुद्ध’ ज्यू नाहीत, असे त्यांतील काहींचे म्हणणे होते. त्यामुळे विश्वस्तांच्या निवडणुकीतील मताचा आणि निवडून येण्याचा हक्क वादात सापडला. १९३० च्या दशकात हे प्रकरण रंगूनच्या उच्च न्यायालयात गेले आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. खवल्यांच्या माशाने जे रहाबीला पटले होते, ते आता न्यायाधीशाला वकिलांमार्फत पटवून द्यावे लागले.

तिथेही प्रश्न संपला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. पेण-रोह्यातून, मुंबईतून गेलेल्या माणसांना, आपल्या आजीची आजी कोण होती, हे सांगण्याची पाळी आली. या लोकांनी जेरुसलेममध्ये तीव्र आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला.

पेणमध्ये त्यांचे जुने सिनेगॉग आहे. आडनावे इस्रायलमधील घरांच्या पाट्यांवर पोहोचली आहेत आणि त्या घरांत मलिद्यासाठी पोहे अजून भिजत घातले जातात.