समुद्रतळावरचं जाळं

७ ऑगस्ट १९९७. गुरुवार, दुपारचे तीन. नेदरलँड्समधल्या आल्मेर शहराबाहेर, कॉटरबॉस नावाच्या कॅम्पिंगच्या मैदानावर तुम्ही उभे आहात. यंदाचा ऑगस्ट इथल्या मानाने फार गरम आहे. सदरा पाठीला चिकटलाय आणि खांद्यावर काळ्या केबलचं भेंडोळं आहे. केबल करंगळीएवढीही जाड नाही, पण भेंडोळं चांगलंच जड आहे. उद्यापासून तीन दिवस इथे ‘हॅकिंग इन प्रोग्रेस’ हा हॅकरांचा मेळावा भरणार आहे. माणसं तंबू ठोकून राहतील, व्याख्यानं ऐकतील, आणि प्रत्येकाला आपल्या तंबूत इंटरनेट हवं असेल. मैदानावर आज गवत आहे, झाडं आहेत. जाळं अजून नाही. ते तुम्ही घालायचं आहे.

पायाखाली एकदा बघा. चिकणमाती आहे, उन्हाने तडकलेली. एकोणतीस वर्षांपूर्वी इथे पाणी होतं. डच लोकांनी १९३२ साली बंधारा घालून समुद्राचा एक फाटा तोडला, त्याचं तळं केलं आणि मग तळ्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा उपसून काढला. हा तुकडा, म्हणजे दक्षिण फ्लेवोलांड, १९६८ साली कोरडा झाला. इथलं एकही झाड त्याहून जुनं नाही. समुद्राच्या पातळीखाली काही मीटरवर, पंपांच्या भरवशावर कोरड्या राहिलेल्या जमिनीवर तुम्ही तंबूचा खुंटा ठोकताय.

हे काम इथे पहिल्यांदा होत नाहीये. चार वर्षांपूर्वी, १९९३च्या ऑगस्टमध्ये, पाणी उपसून मिळवलेल्या याच जमिनीवर, म्हणजे फ्लेवो पोल्डरमध्ये, लार्सरबॉसच्या मैदानावर ‘हॅकिंग ॲट द एंड ऑफ द युनिव्हर्स’ भरलं होतं. रॉप गोंग्राइप यांच्या ‘हॅक-टिक’ नियतकालिकाभोवती जमलेल्या मंडळींनी ते भरवलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ह्याच लोकांनी सामान्य माणसाला इंटरनेट जोडणी द्यायला सुरुवात केली होती. तिचं पुढे ‘एक्सएसफोरऑल’ झालं. म्हणजे शेतात तंबू टाकून केबल ओढणारे आणि देशात घराघरांत इंटरनेट नेणारे लोक तेच. हे विसरू नका. आज तुमच्या शेजारी घामाघूम होऊन खुंटे ठोकणाऱ्यांपैकी कोण उद्या काय उभं करील, सांगता येत नाही.

आधी वीज. निळ्या रंगाचा जाड तीन पिनांचा प्लग म्हणजे युरोपातल्या कॅम्पिंगच्या विजेची खूण. तो खोक्यात घालायचा, झाकण घट्ट लावायचं आणि जोड जमिनीवर टेकू द्यायचा नाही. विटेवर ठेवा, फांदीला टांगा, काहीही करा. इथे पहाटे दव इतकं पडतं की गवतातून चालताना बूट ओले होतात.

मग संगणक. तो तुम्ही घरून आणलाय: टेबलावरचा, मॉनिटरसकट, कारच्या मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून. पेटीचं झाकण काढा. नेटवर्क कार्डावरच्या छोट्या जंपरांनी ठरवायचं असतं की ते कोणत्या क्रमांकाने प्रोसेसरला हाक मारणार. साउंड कार्डाचा आणि ह्याचा क्रमांक एक झाला तर दोन्ही गप्प. तंबूत पालथे पडून, तोंडात बॅटरी धरून तुम्ही जंपर हलवता, संगणक चालू करता, पुन्हा बंद करता. तिसऱ्या खेपेला लिनक्सच्या पडद्यावर कार्डाचं नाव उमटतं.

आता केबल. मोठे टप्पे मैदानाची नेटवर्क टीम बघते. तुमच्या ओळीतल्या दहा-बारा तंबूंनी आपसांत जोडायचं ठरवलंय ते पातळ को-ॲक्सने, कारण त्याला मध्ये हब लागत नाही, विकतची पेटी लागत नाही. एका तंबूतून निघायचं, दुसऱ्यात जायचं, तिथून तिसऱ्यात. प्रत्येक संगणकाच्या पाठीला एक टी-जोड: एक पाय कार्डावर, दोन हात दोन्ही शेजाऱ्यांकडे. ओळीच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा टर्मिनेटर, अंगठ्याच्या पेराएवढी धातूची टोपी. ती नसेल तर टोकापर्यंत गेलेला सिग्नल उलटा फिरतो आणि सगळ्यांचं बोलणं सगळ्यांवर आदळतं. एका तुकड्याची लांबी फार तर १८५ मीटर, जोड जास्तीत जास्त तीस, वेग १० मेगाबिट. तोही सगळ्यांत मिळून. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं बोलले तर दोघांनी थांबायचं, क्षणभर वाट पाहायची आणि पुन्हा बोलायचं.

साडेनऊपर्यंत उजेड असतो. साडेआठला तुमचा पहिला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, पलीकडच्या तंबूतून परत येतो. वेळ एक मिलिसेकंदापेक्षा कमी. पलीकडच्या तंबूतली डच मुलगी ताडपत्रीतून डोकं बाहेर काढून हात उंचावते. अंतर वीस पावलांचं. तुम्ही ओरडला असतात तरी तिला ऐकू गेलं असतं. तरीही दोघांना विलक्षण आनंद झालाय.

शुक्रवारी माणसं येऊन थडकतात आणि मैदान भरतं. ह्याच तीन दिवसांत अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्ये ‘बियाँड होप’ हा मेळावा भरलाय. तिथली दुपार म्हणजे इथली संध्याकाळ, आणि मधला समुद्र ह्याच तारांनी ओलांडला जातोय. तुम्हाला घर आठवतं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याला अजून दोन वर्षंही पुरी व्हायची आहेत. तिकडे मॉडेमची किंकाळी, सतत व्यग्र लागणारा नंबर आणि शेल खात्यातली नुसती अक्षरं. खिशातल्या चिठ्ठीवर तुमच्या खात्याचा पासवर्ड आहे. टेलनेटने ते खातं उघडून पत्रं बघावी म्हणून तुम्ही टाइप करू लागता, आणि ती मुलगी तुमचं मनगट धरते.

“इथून टेलनेट? अजिबात नको.”

ती आपल्या पडद्याकडे बोट दाखवते. काळ्या पाटीवर ओळी धावताहेत. तुम्ही आत्ता दाबलेली अक्षरं त्यांत आहेत, एकेक करून, उघडी. एकाच केबलवर बसलेल्या प्रत्येक यंत्राला प्रत्येकाचं सगळं ऐकू येतं. सभ्य यंत्र आपलं नसलेलं पत्र टाकून देतं, पण ऐकायचं ठरवलं तर त्याला कोणी अडवू शकत नाही. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली सगळं बोलणं कुलूपबंद करून पाठवणारं एसएसएच लिहिलं. ती तुम्हाला एका फ्लॉपीवर तो प्रोग्रॅम देते. फुकट, न मागता. ह्या मैदानावर चोरी करायची कला जितक्या लोकांना येते, तितकेच लोक तुम्हाला कुलूप लावायला शिकवायला तयार असतात. ह्या मेळाव्यांबद्दल बाहेर जे छापून येतं त्यात ही दुसरी बाजू क्वचितच असते.

शुक्रवारी रात्री अकराला जाळं बंद पडतं.

सगळ्यांचं एकदम. को-ॲक्सचं हेच दुखणं आहे. एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. दोरी कुठेही तुटो, सगळे कपडे मातीत. ओळीतल्या तंबूंमधून एकेक डोकं बाहेर येतं. तुम्ही मल्टिमीटर काढता. आपल्या कार्डावरून टी-जोड उपसायचा, केबलला हात लावायचा नाही; त्याच्या मोकळ्या झालेल्या पायाच्या मधल्या पिनेला एक काडी, बाहेरच्या कड्याला दुसरी. ओळ धडधाकट असेल तर आकडा पंचवीस ओहमच्या आसपास येतो, कारण दोन टोकांचे दोन पन्नास समांतर लागलेले असतात. पडद्यावर पन्नास दिसतो. म्हणजे एकच टोक दिसतंय. दुसऱ्या बाजूला कुठेतरी वाट संपलीय.

आता ओळीच्या मधल्या तंबूत जायचं. केबल तिथे सोडवायची, दोन्ही बाजूंना वेगवेगळं मोजायचं. डावीकडे पन्नास: ती बाजू ठीक. उजवीकडे मीटर काहीच दाखवत नाही. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर जा, पुन्हा मोजा. बारा तंबूंसाठी तीन-चार फेऱ्या पुरतात. वर आकाश स्वच्छ आहे, पोल्डरच्या सपाटीवर तारे पार क्षितिजापर्यंत दिसताहेत आणि तुम्ही गुडघ्यांवर रांगत अंधारात केबल चाचपताय. लांबून जनरेटरची घरघर येतेय. दोन तंबूंची वीज वेगवेगळ्या जनरेटरवरून असली तर केबलच्या कड्याला आणि संगणकाच्या पत्र्याला एकदम हात लागला की मुंग्या येतात. म्हणून कड्यावर टेप गुंडाळायचा. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकापेक्षा बोट लवकर शिकतं.

नवव्या तंबूत कोणी नाही. केबलची दोन टोकं गवतात पडली आहेत, दवाने ओली. इथला मुलगा आपला संगणक उचलून व्याख्यानाच्या मोठ्या तंबूत गेलाय आणि संगणकाबरोबर टी-जोडही घेऊन गेलाय. टी-जोड कार्डावरून काढायचा असतो, केबलवरून कधीच नाही. हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तुम्ही टोकं सदऱ्याने पुसता, खिशातला जादा टी मध्ये बसवता, पाव वळसा पिळता. टक असा आवाज. दोन तंबूंपलीकडून कोणीतरी ओरडतं: आलं!

परतताना अकराव्या तंबूत एकाने टेबल लांब पडलं म्हणून टी-जोड आणि कार्ड यांच्यात दीड मीटरची जादा केबल घातलेली सापडते. तीही चालत नाही. टी कार्डालाच चिकटलेला हवा, नाहीतर तो तुकडा प्रतिध्वनी काढत बसतो. तुम्ही टेबल उचलायला हात देता. तो माणूस तुम्हाला खुर्ची देतो, कॉफी देतो. पहाटे दोनला तुम्हाला ओळीतल्या प्रत्येकाचं नाव माहीत झालेलं असतं. को-ॲक्स हे तंत्र म्हणून कच्चं होतं, पण शेजाऱ्याच्या हलगर्जीपणाची झळ आपल्याला आणि आपल्याची शेजाऱ्याला लागते, हे त्याच्याइतकं रोखठोक कोणी शिकवलं नाही. जाळ्याचा मालक कोण आणि गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न त्या ओळीत कोणाच्या डोक्यातही आला नाही.

एक गोष्ट मात्र त्या मैदानावर बहुतेकांच्या नजरेआड होती. तिथून तासाभराच्या वाटेवर, नीवेखाइन गावी, एनसीआर कंपनीच्या डच अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ नावाचं बिनतारी कार्ड काही वर्षांपूर्वीच बनवलं होतं. त्याच घरचे व्हिक हेज ८०२.११ या मानकाच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि ते मानक मंजूर झालं जून १९९७ मध्ये. म्हणजे तुम्ही गवतात रांगत होता त्याच्या दोनच महिने आधी वायफायचा पाया त्याच देशातल्या माणसांच्या हातून घातला गेला होता.

आता वीस वर्षं पुढे चला. ऑगस्ट २०१७. पोल्डर तोच, गाव झेवोल्डे, मेळावा ‘शा २०१७’. तंबूंच्या मधूनमधून प्लॅस्टिकची फिरती शौचालयं उभी आहेत. त्यांतल्या काहींचं दार उघडा: आत भांडं नाही, स्विच आहे. जर्मन हॅकर ह्याला डाटेनक्लो म्हणतात, आणि शेतातल्या जाळ्यासाठी ह्याहून शहाणी पेटी मी पाहिलेली नाही. पावसात भिजत नाही, वारा खेळता असतो, दाराला कडी असते, फोर्कलिफ्टने उचलून हवी तिथे ठेवता येते, भाडं कमी. पेटीपर्यंत फायबर येतो. काच असल्यामुळे जनरेटरच्या अर्थिंगची भानगड नाही, विजांच्या कडकडाटाची तितकी भीती नाही. पेटीपासून तंबूपर्यंत तांब्याची केबल, शंभर मीटरच्या आत. म्हणून पाहुण्यांना आधीच सांगितलेलं असतं: पन्नास मीटरची केबल घरून घेऊन या.

तुमची केबल तुटली तर तुमचंच जाळं जातं, दुसऱ्या कोणाचं जात नाही. हे निःसंशय चांगलं झालं. वायफायवर नाव-पासवर्ड काहीही टाका, चालतं; तो फक्त तुमचा संवाद दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून असतो. युरोपातले इंटरनेटचे पत्ते वाटणारी राइप एनसीसी ही संस्था अशा मेळाव्यांना थोड्या दिवसांसाठी पत्ते देते, त्यामुळे तंबूतल्या संगणकाला जगासमोर थेट उभं राहणारा खरा पत्ता मिळतो. मध्ये आडोसा नाही. मुंबईत बसलेला मित्र तुमच्या तंबूत चालू असलेलं संकेतस्थळ सरळ उघडू शकतो. आपल्या घरच्या जोडणीवर आज हे बहुधा जमत नाही. तिथे आपल्याला फक्त घेता येतं. शेतात चार दिवसांसाठी उभं केलेलं जाळं घरच्या कायमच्या जाळ्यापेक्षा जास्त मोकळं असावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्यांना ते वापरायचं आहे त्यांनीच ते उभं केलं, म्हणून ते तसं आहे. फायबर ओढणारे, पेट्यांत पंखे बसवणारे, रात्रपाळीला बसणारे सगळे स्वयंसेवक. तिकीट काढून आलेले.

आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेटवर्किंगचा पेपर असतो, प्रयोगवही असते, आणि तरीही मैदानावर केबल ओढून शंभर माणसांना जोडलंय असा विद्यार्थी विरळा. हे बदलायला मोठा निधी लागत नाही. पावसाळा संपला, मैदान कोरडं झालं की नोव्हेंबरमध्ये दोन रात्रींचं शिबिर घ्या. भंगारातून काढलेले चार स्विच, तीनशे मीटर केबल, एक क्रिंपिंगचं यंत्र, एक मल्टिमीटर आणि जोड जमिनीपासून वर ठेवायला विटा, एवढं आणा. जाळं विद्यार्थ्यांनाच घालू द्या, आणि रात्री ते बंद पडलं की शिक्षकांनी तंबूतच झोपून राहावं.