जर-तर विधान (स्पर्धा परीक्षांतील)

जर-तर विधान : एक गोष्ट खरी असेल तर दुसरीही खरी असलीच पाहिजे, एवढीच हमी देणारे विधान. तर्कशास्त्रात त्याला सोपाधिक विधान म्हणतात. ‘जर’चा भाग पूर्वांग, ‘तर’चा भाग उत्तरांग. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा पेपर, व्यवस्थापन व विधी शाखांच्या प्रवेश परीक्षा आणि अमेरिकेतील विधी महाविद्यालयांची एलसॅट या सर्वांत ही विधाने हमखास भेटतात.

अशा विधानातून खात्रीचे निष्कर्ष दोनच निघतात. पूर्वांग खरे असल्याचे कळले की उत्तरांग खरे. उत्तरांग खोटे असल्याचे कळले की पूर्वांग खोटे. उत्तरांग खरे आहे म्हणून पूर्वांग खरे मानणे, म्हणजे विधानाचा व्यत्यास गृहीत धरणे, चूक आहे. पूर्वांग खोटे म्हणून उत्तरांगही खोटे ठरवणे ही तितकीच मोठी चूक. परीक्षेतले मोहात पाडणारे पर्याय बहुधा याच दोन चुकांवर बेतलेले असतात.

नमुन्यादाखल एका समितीची निवड घेऊ. अटी तीन : लता असेल तर मनोहर असलाच पाहिजे, मनोहर आणि प्रकाश एकत्र नकोत, प्रकाश आणि रेखा यांपैकी किमान एक हवा. आता रेखा नाही असे कळले. मग प्रकाश आलाच. प्रकाश आला म्हणून मनोहर गेला. मनोहर गेला म्हणून लताही गेली. चार नावांचा निकाल एका माहितीवर लागला. याउलट, मनोहर आहे एवढेच कळले तर प्रकाश बाद होतो आणि रेखा नक्की होते, पण लताबद्दल काहीच ठरत नाही. घाईतला उमेदवार नेमका इथे लताला समितीत बसवतो.

‘तर’ आणि ‘तरच’ यांतला फरक तर गुण मिळवून देणारा किंवा घालवणारा. ‘पास असेल तरच प्रवेश’ आणि ‘पास असल्याशिवाय प्रवेश नाही’ या दोन्हींचा अर्थ एकच : आत आलेल्या प्रत्येकाकडे पास आहे. पास असलेल्या प्रत्येकाला आत घेतलेच जाईल, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

भारतीय न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वी नेमकेपणाने हेरला होता. जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून जिथे अग्नी नाही तिथे, उदाहरणार्थ जलाशयात, धूरही नाही. मात्र अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त याचे कारणही दिले आहे : अग्नीतून धूर निघायला ओले इंधन लागते. व्यत्यास का फसतो हे यापेक्षा स्वच्छ समजावणारे उदाहरण सापडणे कठीण.

ही चूक अडाणीपणाची मात्र नव्हे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे त्याची साक्ष देते. पत्त्यांवर ई, के, ४ आणि ७ दिसतात; प्रत्येकाच्या एका बाजूला इंग्रजी अक्षर, दुसरीकडे अंक. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम तपासायला कोणते पत्ते उलटावेत? ई आणि ७. सुरुवातीच्या प्रयोगांत दहा टक्क्यांहूनही कमी जणांना हे जमले; ४ उलटण्याकडेच अनेकांचा कल होता. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तोच सांगाडा ठेवून ‘बिअर पीत असेल तर वय १९ च्या वर हवे’ असा नियम दिला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी अचूक उत्तर दिले. म्हणून अक्षरे आणि चिन्हे डोक्यात बसत नसतील तर त्यांच्या जागी ओळखीचा नियम घालून पाहणे उपयोगी ठरते.

एलसॅटमधला नियमांच्या कोड्यांचा विभाग ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला. उताऱ्यांतल्या युक्तिवादावरचे प्रश्न कायम आहेत, आणि जर-तरची पारख त्यांतही लागतेच. आपल्याकडे २०११ पासून सुरू झालेला सीसॅट २०१५ पासून केवळ पात्रतेपुरता उरला, त्यासाठी ३३ टक्के गुण लागतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक-तृतीयांश गुण कापले जातात. तेव्हा दिलेल्या अटींवरून गोष्ट ठरत नसेल आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ हा पर्याय समोर असेल, तर तो निःशंकपणे निवडावा.